रेंज नसताना गेलेला निरोप

कर्जतच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारी एक तरुण मुलगी मांडीवर जाडजूड पिवळा डबा घेऊन बसली होती. तिच्या पलीकडच्या बाईंना राहवेना.

"काय गं पोरी, एवढा मोठा जेवणाचा डबा?"

"नाय मावशी, यंत्र हाय. मीच बनवलंय. फोनला रेंज नसली तरी यातनं निरोप जातो. एका डब्यातनं दुसऱ्या डब्यात, तिथनं तिसऱ्यात."

"आनि पावसात भिजलं तर?"

"भिजू दे की. माळ्यावरनं खाली टाकून बघितलंय मी. एक डबा शाळेच्या छपरावर हाय, एक दूधवाल्या जितेशच्या टेंपोत फिरतो."

"पन चालतं का खरंच?"

"मंगळवारी वहिनीला कळा सुरू झाल्या. टॉवर बंद, कुनाचाच फोन लागेना. दादा गुरं घेऊन डोंगरावर. मी शाळेतनं निरोप धाडला, तो खालच्या रस्त्यावर जितेशला मिळाला. दुधाचे कॅन तिथंच उतरवून तो टेंपो घेऊन आला."

"पोचली का गं दवाखान्यात वेळेत?"

"पोचली! मुलगी झाली. परत येताना जितेशनंच टेंपोतनं कळवलं, दोघी बऱ्या हायेत म्हनून. दादाच्या पिशवीतपन डबा होता, त्याला मी लगेच पुढं धाडलं."

"काय म्हनला दादा?"

"काय उत्तरच नाय! तीनदा धाडलं. मला वाटलं, यंत्र बिघडलं. धावत डोंगर चढले."

"बिघडलेलं?"

"नाय ओ. दादा डबा छातीशी धरून रडत बसलेला."