आकाशातील तीन पाकोळ्यांविषयी

जबाब
पॅरिस, दिनांक १९ एप्रिल १८६४

मी, ओनोरीन व्हासलो, वय ४७ वर्षे, धंदा अम्लरेखन, राहणार तूर्नेल घाट, तिसरा मजला, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन त्यात सुईने चित्र रेखणे, तेजाबात त्या रेघा खोल करून घेणे व त्यावरून छाप काढणे, हे काम मी सव्वीस वर्षे करीत आहे. तीन वर्षांपूर्वी मी माझ्या खिडकीतून दिसणारा सीन नदीचा काठ, पूल व धोबिणींच्या नौका रेखल्या. याच धंद्यातील इसम तेओद्युल गार्नो याने तेच चित्र स्वतःच्या नावे यंदाच्या प्रदर्शनास पाठवले व तेथे मी पाठवलेले माझे चित्र नक्कल म्हणून परत करावे, असा अर्ज केला. छाप उलटा उमटतो, म्हणून आरशात पाहून उतरवण्याइतकी अक्कल त्याने वापरली आहे. त्यामुळे दोन्ही चित्रे रेघेला रेघ जुळतात.

आज सकाळी अकरा वाजता दोन्ही पत्रे ठाण्यात साहेबांच्या टेबलावर होते. गार्नो म्हणाला, "मी काढलं, बाई, तुम्ही उतरवलंत. या वयात कबूल करायला लाज कसली?"

मी त्याच्या पत्र्यावर आकाशातील तीन ठिपक्यांवर बोट ठेवून विचारले, "हे काय?"

"पाकोळ्या. रोज संध्याकाळी पुलावरून जातात. समोर बघून काढल्यात."

"तिन्ही?"

"पंख मोजून घ्या हवं तर."

साहेबांनी भिंग लावले. त्याच्या पत्र्यावर प्रत्येक ठिपक्याला सुईने ओढलेले दोन पंख होते. माझ्या पत्र्यावर तीन ओबडधोबड खड्डे होते.

मी खुलासा केला, की पत्रा तेजाबात घातला त्या दिवशी माझा लेप तीन जागी तडकला व तेजाब आत शिरले. लोकांनी ते पक्षी समजून वाखाणले. मी गप्प राहिले. माझ्या कामातील ही एकमेव चूक असून आजवर ती कोणास सांगितलेली नाही.

साहेबांनी विचारले, "काय हो गार्नो, बाईंचा लेप तडकला तो पुलावरून उडताना दिसला तुम्हाला?"

गार्नोचा पत्रा जप्त झाला. माझे चित्र प्रदर्शनात राहील. ते खड्डे मी बुजवणार नाही.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. कारकुनाने 'बाईंचे तीन पक्षी' असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'तीन खड्डे' केले. आता बरोबर आहे.

सही
ओनोरीन व्हासलो