आबाच्या वांग्याची चिंधी

हसाल तर हसा, पण त्या दिवशी विज्ञानाची बाजू मी एकट्यानं जिंकून दिली. धरणगावचा आमचा आबा भरताच्या वांग्यांसाठी नावाजलेला. सगळ्यात मोठ्या वांग्याला तो दरवर्षी चिंधी बांधतो, म्हणजे ते कुणी तोडायचं नाही, बियाण्याला ठेवायचं. तरी चार वर्षं वांगी बारीकच होत चालली. आबा बियाणंच फेकून द्यायला निघाला.

त्याची सून शाळेत विज्ञान शिकवते. आबाला आणि मला, म्हणजे शेजारच्या नानाला, चहा देता देता ती म्हणाली, "आबा, ज्याचं बी पुढे जातं, तसा वंश बदलतो. माणूसही असाच घडला."

आबा भडकला. "मना आजा माकड नव्हता! वांगंबी देवनं करं तसंच शे!"

"मग बारीक का झालं?" मी विचारलं.

"जमीन बिघडनी."

मला राहवेना. "जमीन नाही रे, मी बिघडवलं. दरवर्षी तुझी चिंधी मोठ्या वांग्यावरून काढून सगळ्यात बारक्याला मीच बांधायचो, अन् मोठं भरताला घरी न्यायचो. तू चिंधी बघून बी काढायचास."

सून नाचायचीच बाकी राहिली. "आबा, हेच तर! आता मोठ्याला बांधत चला, हळूहळू परत मोठी होतील!"

आबानं उचललेली काठी खाली ठेवली. वांगी परत मिळणार म्हटल्यावर शास्त्र त्याला लगेच पटलं. "म्हंजे वाईट वाण पुढे जाऊ देनं नही?"

"बरोबर!"

"मंग पहिले या नानाना वंश थांबाड."

सून माझ्याकडे बघून म्हणाली, "उशीर झाला, आबा. नानांना सात नातवंडं आहेत."