पुढे टाचण्या असताना ‘संपलं’

...एकच शब्द लिहिला हो मी, एकच! आणि घरात असा गहजब, जणू मी पडदेच पेटवले! तुम्हाला सांगतो, जन्मभर शिंपीकाम केलं, शाळेशी आपलं कधी पटलं नाही, मोजून पाच-सहा शब्द लिहिता येतात, त्यातला एक लिहिला, तर यात माझं काय चुकलं?

सूनबाई प्रयोगशाळेत असते. पेशींचं बघते. पेशी म्हणजे अंगातले बारीक बारीक कारखाने म्हणे. नेमणूक संपत आलेली, आणि वरच्यांनी फर्मान काढलं, भर सभेत साध्या माणसाला समजेल असं भाषण करा, जमलं तर राहा, नाहीतर घरी बसा! मग घरातला सगळ्यात साधा माणूस कोण? मी! जेवायला बसलं की सुरू... "बाबा, ऐका ना. मूळ नमुना कपाटात असतो, तो बाहेर काढत नाहीत. त्याची नक्कल करतात, नको ते तुकडे कापतात, हवे ते जोडतात, आणि जोडावर खूण राहते." म्हटलं, टाचणी! "हो, टाचणीच! मग वाचणारं यंत्र नक्कल वाचत माल बनवतं आणि वाटेतल्या टाचण्या उपटत जातं. आता मध्येच चुकून ‘संपलं’ आलं, आणि पुढे टाचण्या तशाच दिसतायत..." म्हटलं, म्हणजे एका बाहीचा सदरा! "अगदी! असला अर्धवट माल अंगाला बाधतो, म्हणून पेशी ती नक्कलच फाडून टाकते."

भाषणही तिनं तसंच केलं. लिहिलं, कापलं, माझ्याच डबीतल्या टाचण्यांनी जोडलं, ही एवढी लांब पट्टी! सभेच्या सकाळी पट्टी टेबलावर, सूनबाई आंघोळीला, पेन माझ्या खिशात... आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? मधल्या रिकाम्या जागेत लिहिलं, संपलं. वाटलं, वाचेल, हसेल, पुढे जाईल.

कसली हसतेय! सभेत मी आणि मुलगा मागच्या बाकावर, तिच्या समोर परीक्षक बाई चष्म्यावरून बघतायत, आणि हिची गाडी सुसाट, टाचणी काढ, वाच, टाचणी काढ, वाच... "संपलं!" आणि वाकून आभारसुद्धा मानले! बाई म्हणतात, "एवढंच?" गेली की हो पोरीची नोकरी! मुलगा कानाशी, "बाबा, तुम्ही काही केलंत का?" मी? मी पंखे मोजत होतो!

तेवढ्यात पट्टी गुंडाळताना, "आई गं!" बोटात टाचणी. बघते तर पुढे अजून तीन! मग माझ्याकडे बघितलं... असं बघितलं, की कात्रीशिवाय कापड उभं फाटावं. आणि टराटरा पट्टीच फाडली! "बघितलंत? पेशी नेमकं हेच करते!" पुढचं सगळं तोंडी, हसत हसत. चष्मेवाल्या बाई उठून टाळ्या वाजवतायत हो!

नोकरी पक्की. म्हटलं, सुटलो. कुठलं काय! आता गावोगावची बोलावणी, आणि प्रत्येक ठिकाणी मला बरोबर नेते. "बाबा, साडेदहाला लिहायचं, तिसऱ्या तुकड्यावर, अक्षर तसंच वेडंवाकडं." काल म्हटलं, गुडघा दुखतोय, आज राहू दे. तर म्हणते, "दोन दिवस आधी सांगायचं ना!"

सत्तर वर्षं मनाला येईल तेव्हा खोड्या काढल्या हो... आता त्यातून रजासुद्धा मिळत नाही!