शेजारच्या बाई

आई : ड्रेस ओढू नकोस, ठके. कॉलर हातात धरून ठेवलीस तर इस्त्री फिरवू कुठं मी?

लेक : झाली ना आता. किती वेळा फिरवशील?

आई : अख्खा जन्म लोकांच्या कपड्यांना इस्त्री करण्यात गेला, आणि आजच्या दिवशी लेकीचा ड्रेस चुरगळलेला जाऊ देऊ? म्हणतील, ती टाळ्या वाजवणाऱ्यांच्या मंडळीतली आली बघा. उड्या मारून मारून कपडेसुद्धा चुरगळलेत.

लेक : लूथरन चर्चच्या मंडळीत असं कुणी म्हणत नाही.

आई : म्हणत नसतील. मनात येत असेल. तुझ्याही येतंच की.

लेक : माझ्या काय येतं?

आई : काही नाही. बाही दे इकडं. बरं, मला एक सांग, पुन्हा पाण्यात बुडवणार का तुला? बाहेर गारठा केवढा आहे.

लेक : नाही गं. बाप्तिस्मा एकदाच. आपल्या मंडळीत झालेला त्यांना चालतो.

आई : बघ! आपला त्यांना चालतो आणि त्यांचा आपली मंडळी चालवणाऱ्या मोठ्या बंधूंना चालत नाही. तान्ह्या पोराच्या डोक्यावर चार थेंब टाकले म्हणजे बाप्तिस्मा नव्हे, नुसते केस ओले केले, म्हणतात.

लेक : त्यावर सगळे हसायचे. मीही हसायचे.

आई : मग आज करणार तरी काय?

लेक : पास्टर वेदीपुढं बोलावतील. विचारतील, ह्या मंडळीच्या विश्वासात राहशील का? मी म्हणायचं, हो, देवाच्या साहाय्यानं. मग डोक्यावर हात ठेवून प्रार्थना. मग प्रभुभोजन.

आई : एवढंच? एवढ्यासाठी सगळा हिवाळा चष्म्याचं दुकान बंद करून धड्यांना पळत होतीस? साक्ष नाही द्यायची?

लेक : नाही.

आई : उभं राहून सांगायचं नाही, प्रभूनं मला कुठून कुठं आणलं ते?

लेक : नाही आई. म्हणून तर बरं वाटतं तिथं. पास्टर चष्मा करायला दुकानात आले, तेव्हा मी नंबर तपासता तपासता रडायला लागले. त्यांनी बिचाऱ्यांनी हनुवटी त्या यंत्रावर तशीच टेकवून ठेवली. माझा विश्वास किती आहे, हे काही विचारलं नाही. म्हणाले, तो आपल्या बळावर उभा नसतोच, कृपेवर असतो.

आई : कृपा तर आपल्याकडेही म्हणतात.

लेक : म्हणतात. मग मोजायला बसतात.

आई : कोण मोजतं?

लेक : जाऊ दे.

आई : नाही, बोल ना. त्या दिवसाचं म्हणतेस का?

लेक : आई, आज नको. इस्त्री बंद कर, जळका वास येतोय.

आई : तो माझ्या बोटाचा. बरं, राहिलं. घाल ड्रेस. ह्यावर तुझी ती निळी शाल घे, मी माझी तपकिरी घेते.

लेक : आई... एक सांगायचं होतं. तिथं सगळं शांत असतं.

आई : असेल की. देवाचं घर आहे.

लेक : म्हणजे मध्येच कुणी मोठ्यानं काही म्हणत नाही. हालेलुया वगैरे. छापलेलं असतं तेवढंच, सगळ्यांनी मिळून.

आई : अस्सं. हात वर करतात का?

लेक : नाही.

आई : मनातल्या मनात केले तर?

लेक : आई!

आई : बरं बाई बरं. पवित्र आत्मा आलाच, तर त्याला सांगेन, बाबा रे, मी लेकीच्या मंडळीत आलेय, तू आपला घरी ये दुपारी.

लेक : चेष्टा नको करूस. आणि बसायचं कुठं, तर मागच्या बाकावर बस. तिथून छान दिसतं.

आई : मागून छान दिसतं?

लेक : हो.

आई : ठके, मी आलेच नाही तर? तुला मोकळं मोकळं वाटेल. जावई जहाजावर, मी घरी. तू एकटीच जा, ताठ मानेनं.

लेक : माझी शाल कुठं ठेवलीस?

आई : विचार करतेयस.

लेक : नाही. ये. ये ना आई.

आई : येते. पण 'ये' म्हणायला केवढा वेळ लावलास गं.

(उपासना संपली आहे. प्रार्थनामंदिराच्या मागची चहाची खोली, कपांचा खणखणाट, दारातून येणारी-जाणारी माणसं.)

ऑर्गनवाल्या बाई : ये, ये, नव्या पाहुणीबाई! आता पाहुणी कसली, घरचीच झालीस. हा घे चहा. मी ऑर्गनवर होते. पास्टर कधी थांबतात ते कळावं म्हणून तिथं एक आरसा लावलाय, त्यात सगळं दिसतं मला.

लेक : मग मी अडखळले तेही दिसलं असेल.

ऑर्गनवाल्या बाई : दिसलं ना. पास्टरांनी प्रश्न विचारला आणि तुझा आवाजच फुटेना. सगळीकडे चिडीचूप. मला वाटलं, आता मीच काहीतरी वाजवावं. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "बोल गं ठके, हो म्हण!" अख्खं मंदिर हसलं. मीसुद्धा. रागावू नकोस हं.

लेक : नाही.

ऑर्गनवाल्या बाई : ठके म्हणतात का तुला घरी?

लेक : घरी असं नाही... ओळखीचे लोक म्हणतात.

ऑर्गनवाल्या बाई : ह्याच ना त्या, तपकिरी शालवाल्या? या, या. ह्या कोण तुझ्या?

लेक : ह्या... आमच्या शेजारच्या बाई.

आई : हो, हो. शेजारचीच. भिंतीला भिंत.

ऑर्गनवाल्या बाई : अरे वा! शेजार असावा तर असा. भर मंदिरात धीर दिलात तिला.

आई : चुकलंच माझं. शांत बसायचं कबूल केलं होतं.

लेक : मी... पास्टर हाक मारतायत वाटतं. आलेच मी.

आई : जा, जा. लोक थांबलेत तुझ्यासाठी. मी आहे इथं.

ऑर्गनवाल्या बाई : अहो, हे काय? कप ठेवा खाली. पाहुण्या माणसानं भांडी घासायची नसतात.

आई : घासू द्या. हाताला काम नसलं की तोंड चालतं माझं. आज एकदा चाललं तेवढं पुरे.

ऑर्गनवाल्या बाई : मग मी पुसते. तिच्या घरचं कुणीच आलं नाही का हो आज?

आई : जावई जहाजावर... म्हणजे तिचा नवरा. स्वयंपाकी आहे जहाजावर. काल फोन आला होता त्याचा. असं तीच सांगत होती.

ऑर्गनवाल्या बाई : आणि आई? गेली का तिची?

आई : आई? नाही, नाही. आहे ना.

ऑर्गनवाल्या बाई : आणि आली नाही? रागावली असेल. मंडळी बदलली की घरात धुसफूस होतेच.

आई : रागावली नाही हो. ती जरा मोठ्या आवाजाची बाई आहे. प्रार्थनेला बसली की वरच्या मजल्यावरची माणसं उठून बसतात. रडते काय, नाचते काय. लेकीला लाज वाटते. वाटणारच. शिकलेली पोर आहे. त्यापेक्षा न आलेली बरी.

ऑर्गनवाल्या बाई : तसं काही नसतं हो. माझी मुलगी, घरी पाहुणे यायचे असले की आधी फोन करते मला, आज येऊ नकोस म्हणून. मी काही नाचत नाही, तरीसुद्धा.

आई : तुमची? एवढी ऑर्गन वाजवणारी आई?

ऑर्गनवाल्या बाई : तेच तर. पाहुण्यांपुढं मी वाजवायला बसते म्हणे, आणि मग उठतच नाही.

आई : अगंबाई!

ऑर्गनवाल्या बाई : हसा, हसा. पण काय हो, तिच्या त्या जुन्या मंडळीत लहानपणापासून वाढलेली ती. तिथलं सोडून इथं यावंसं का वाटलं तिला? आम्ही आपलं कधी विचारलं नाही. विचारू नये म्हणतात पास्टर.

आई : ती नाही सांगायची. बाळ गेलं तिचं.

ऑर्गनवाल्या बाई : अरे देवा.

आई : लवकर झालं होतं. काचेच्या पेटीतच होतं, घरी आलंच नाही. आम्ही सगळ्यांनी उपास धरले, रात्र रात्र प्रार्थना केल्या. गेलं ते गेलंच. मग मोठे बंधू घरी आले. सगळे गोल करून बसले. बंधू म्हणाले, प्रभू काही कमी पडत नाही. ह्या घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला.

ऑर्गनवाल्या बाई : तिच्यासमोर?

आई : तिच्याकडं बघून. खाली जमिनीवर बसली होती पोर. दूध येत होतं हो तिला अजून. अंगावरचा कपडा ओला झाला होता, आणि ती शाल ओढून झाकत होती.

ऑर्गनवाल्या बाई : आणि आई कुठं होती तिची?

आई : तिथंच. गुडघ्याला गुडघा लावून बसली होती.

ऑर्गनवाल्या बाई : मग काही बोलली नाही ती?

आई : बोलली की. आमेन म्हणाली.

ऑर्गनवाल्या बाई : आमेन?

आई : सवय हो. बंधूंचं वाक्य संपलं की आमेन म्हणायचं, आयुष्यभराची सवय. आधी तोंडातून आमेन गेलं, मग वाक्य काय होतं ते कानात शिरलं. तोवर पोरीनं मान वर करून बघितलं होतं आईकडं. नुसतं बघितलं.

ऑर्गनवाल्या बाई : नंतर तरी आईनं जवळ घेतलं असेल. काही म्हटलं असेल.

आई : कुठलं काय. रोज ठरवते, आज बोलायचं. आणि रोज इस्त्रीचं, भाजीचं, हवेचं बोलत बसते. जीभ एवढी सैल तिची, आणि नेमकं तेवढ्यापुरती टाळ्याला चिकटते. त्या दिवशी आई नव्हतीच हो ती पोरीजवळ. शेजारची कुणीतरी बाई बसली होती.

लेक : तो टॉवेल इकडं द्या, बाई. मी पुसते.

आई : अगं! तू कधी आलीस? आम्ही आपलं इकडचं तिकडचं बोलत होतो.

लेक : मघाशीच आले. दारात उभी होते.

आई : मघाशी म्हणजे?

लेक : शाल ओढून झाकत होते म्हणालीस ना, तेव्हापासून. मला वाटत होतं, ते कुणाला दिसलं नव्हतं.

आई : मला सगळं दिसलं होतं, ठके.

लेक : बाई, ह्या शेजारच्या नाहीत. ही माझी आई आहे.

आई : मानलेली हो! लहानपणापासून माझ्याच अंगाखांद्यावर खेळली, म्हणून म्हणते ती आपली...

लेक : आई, पुरे. मला सांभाळून घेऊ नकोस. मानलेली नाही, बाई. जन्म दिलेली आई आहे. मी खोटं बोलले तुमच्याशी. वेदीपुढून उठले, प्रभुभोजनाची चव अजून तोंडात होती, आणि इथं येऊन आईला परकी करून टाकलं. लोक हसले एवढ्यावरून.

ऑर्गनवाल्या बाई : मला शंका आली होती. आरशात बघत होते ना. तुझा आवाज फुटेना, तेव्हा ह्यांचे ओठ हलत होते. शेजारच्या बाईला कशाला एवढा घोर?

लेक : मग बोलला का नाहीत? तुम्ही म्हणाला असतात तर...

ऑर्गनवाल्या बाई : मी कोण सांगणारी?

लेक : मला इथं राहायला तोंड नाही. पहिल्याच दिवशी हे.

ऑर्गनवाल्या बाई : असं बघ, आपण दर रविवारी सुरुवात कशानं करतो? पापकबुलीनं. ती काही नव्या माणसांपुरती नाही ठेवलेली. माझे केस काळे होते तेव्हापासून म्हणतेय मी, आणि पुढच्या रविवारी पुन्हा लागतेच. मी जरा बिस्किटांचे डबे आत ठेवून येते.

आई : भल्या आहेत गं बाई.

लेक : आई, तुला लागलं असेल.

आई : शेजारची म्हणालीस तेव्हा? लागलं. खोटं कशाला बोलू, देवाच्या घरात उभी आहे. पण म्हटलं, ठीक आहे. आपल्यालाही हेच मिळायला हवं होतं.

लेक : असं नको बोलूस. मी काही उट्टं काढत नव्हते. मला फक्त लाज वाटली. तुझी. आणि आता माझी वाटतेय.

आई : त्या आमेनचं, ठके...

लेक : सवयीनं गेलं ते मला माहीत होतं. तेव्हाच कळलं होतं. तरी राग आला. अजून आहे थोडा. तू माफी मागावीस म्हणून वाट बघायचे, आणि तू तोंड उघडलंस की मीच विषय बदलायचे. आज सकाळीसुद्धा बदलला.

आई : मग आता म्हणू? चालेल तुला?

लेक : म्हण.

आई : मी चुकले गं. बाळाचं सोड, ते देवानं नेलं. पण तुझ्या बाजूनं मी बोलायला हवं होतं. बंधूंना उठवून बाहेर काढायला हवं होतं. तुझा विश्वास कमी पडला नव्हता. कुणाचाच पडला नव्हता.

लेक : इकडं ये.

आई : अगं, साबण आहे हाताला! ड्रेस खराब होईल, एवढा कडक केलाय.

लेक : होऊ दे.

आई : रडू नकोस. इथं शांत असतं म्हणालीस ना सगळं.

लेक : तूच रडतेयस.

आई : मी कुठं? बरं, मीच.

ऑर्गनवाल्या बाई : आत येऊ का? पास्टर दारात उभे राहून सगळ्यांना निरोप देतायत. विचारत होते, मघाशी मागून बोललेल्या त्या बाई कोण? त्यांना भेटायचंय म्हणाले. मी सांगू का?

लेक : नको. मी सांगते.

आई : अगं थांब, माझे हात ओले आहेत. केससुद्धा विस्कटलेत.

लेक : असू दे, आई. चल.