चार दिवस थांबण्याबाबत

नाव : सौ. मृणाली भाविक मढवी, माहेरचे नाव मृणाली पंढरी तरे. वय २६ वर्षे. धंदा : नोकरी, गोदामात शिफ्ट सुपरवायझर. सध्या राहणार : पूर्णा, ता. भिवंडी, जि. ठाणे.

मी आज भिवंडी येथील पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून व कोणाचा दबाव नसताना सांगते की, वरील पत्त्यावर मी आईवडिलांसोबत राहते. वडील पंढरी तरे यांची पूर्वी भातशेती होती, आता त्या जागेवर गोदाम आहे. माझे लग्न गेल्या रविवारी काल्हेर येथील भाविक चांगदेव मढवी यांच्याशी आमच्या घरासमोरील मांडवात झाले. भाविक यांचे आईवडील हयात नाहीत. त्यांना त्यांचे काका केसरीनाथ मढवी व काकी सीताबाई यांनी वाढवले. भाविक काकांच्याच टेम्पोच्या धंद्यात काम करतात.

केसरीनाथ मढवी यांनी या ठाण्यात अर्ज दिला आहे. त्यात म्हटले आहे की, मुलीला पाळी आलेली असताना मुलीकडच्यांनी ती गोष्ट लपवून फसवणूक केली, गाडी अडवली, भाविकला ओढून खाली उतरवले आणि जबरदस्तीने लग्न लावले. हा अर्ज मला वाचून दाखवण्यात आला. त्याबाबत माझे म्हणणे पुढीलप्रमाणे आहे.

जबाब लिहून घेणाऱ्या महिला हवालदार मॅडमनी पाळीच्या जागी 'अडचण' लिहू का असे विचारले. मला अडचण आलेली नव्हती, पाळी आली होती. तसेच लिहावे.

लग्नाची तारीख ठरली तेव्हाच आईने हिशेब केला होता. तिने धामणकर नाक्यावरच्या मेडिकलमधून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणल्या. त्या घेतल्यावर मला ड्युटीवर चक्कर आली, उलट्या झाल्या, म्हणून मी त्या बंद केल्या. आईला मी तसे सांगितले. ती म्हणाली, "आता देवीच्या मनात असेल तसं." रविवारी सकाळी अंगावरची हळद उतरवायला मी न्हाणीत गेले तेव्हा पाळी आल्याचे समजले. बाहेर येऊन मी आईला म्हणाले, "देवीच्या मनात आलं." आई हसली नाही. ती दार लावून खाटेवर बसली आणि म्हणाली, "कोनाला सांगू नको. कलनार न्हाय. एक दिस तर काढायचा हाय."

मी देव मानते. आमच्या घरात पाळीत देवाला शिवत नाहीत, हे मी तेराव्या वर्षापासून पाळत आले आहे. गणपतीत मी मागच्या पडवीत बसून आरती ऐकलेली आहे. त्याबद्दल मी कधी भांडले नाही. हे यासाठी सांगते की, देवाची चेष्टा केली असेही अर्जात लिहिले आहे, तेही खरे नाही.

वऱ्हाड दुपारनंतर आले. रस्त्याला कंटेनरची रांग होती म्हणून उशीर झाला. आमच्याकडे लग्न लागण्याआधी नवरानवरीने गावदेवीला जाऊन ओटी भरायची रीत आहे. त्यासाठी सीताबाई मला न्यायला खोलीत आल्या. त्यांनी रीतीप्रमाणे विचारले, "बाय, तुला चालतंय ना? देवीपुढं जावाचा हाय."

माझ्याआधी आईच बोलली, "हो हो, काय न्हाय. चालतंय."

मी म्हणाले, "आई, नाही चालत." मग मी सीताबाईंना सांगितले, "काकी, मला सकाळीच पाळी आली. तुम्ही सांगाल तर मी देवळाच्या बाहेरून हात जोडीन. ओटी दुसऱ्या कोणी भरली तरी चालेल. पण तुम्हाला खोटं सांगून मी तुमच्या घरात येणार नाही."

 सीताबाईंचा हात माझ्या खांद्यावर होता. तो त्यांनी काढला, पण लगेच काढला नाही. मग त्या बाहेर गेल्या. आई भिंतीकडे तोंड करून बसली. फसवणूक झाली की नाही, हे यावरून ठरवावे.

थोड्या वेळाने बाहेरचा बँजो बंद झाला. केसरीनाथ काका मांडवात उभे राहून माझ्या वडिलांना सांगत होते, "पंढरीशेट, पोर चांगली हाय, माझा काय म्हनना न्हाय. पन आज लगीन लागनार न्हाय. चार दिस थांबू. मग लावू." वडिलांनी सांगितले की जेवण तयार आहे, पाहुणे बसले आहेत. काका म्हणाले, "पाहुन्यांना जेवू घाला. विटालात लगीन लावून माझ्या घरात मी परत मौत आननार न्हाय."

हे ते का म्हणाले ते सर्वांना माहीत आहे. भाविक यांची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाविक दोन वर्षांचे असताना वारल्या. त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या दिवशी पाळी लपवली आणि देवीचा कोप झाला, असे मढवींच्या घरात मानतात. भाविक यांनी मला हे साखरपुड्यानंतर सांगितले होते. सांगताना त्यांनी आईचा फोटो दाखवला होता. फोटोत त्या अगदी बारीक होत्या.

माझे वडील केसरीनाथ काकांच्या पाया पडायला वाकले. मी खोलीच्या दारातून ते पाहिले आणि मोठ्याने म्हणाले, "बाबा, उठा." ते उठले. मांडवात त्यावेळी फक्त ठमाबाई गात होती. ठमाबाई आमच्या गावची धवलारीण आहे. आमच्या समाजात लग्नाचे विधी ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन करते, भटजींचे काम नंतर. माझ्या आईचेही लग्न तिनेच लावले. केसरीनाथ काकांनी तिला थांबायला सांगितले. ती म्हणाली, "धवला अर्ध्यात सोडता येत न्हाय." काका म्हणाले, "तुला ठाऊक हाय ना, पोरीला काय झालंय? तू पालत न्हाय का?" ठमाबाई म्हणाली, "माझे घरात मी पालते. चुलीला हात लावत न्हवते मी, माझ्या सुनाबी न्हाय लावत. पन लगीन लावाचा काम माझा हाय. कोन्या नवरीला मी कवा इचारला न्हाय, आन कोनी मना सांगितला न्हाय. तुमच्या वयनीचा, या पोराचे आयशीचा, लगीनबी मीच लावला. तिलाबी इचारला न्हवता." असे म्हणून ती पुन्हा गाऊ लागली. तिला कोणी शिकवून बोलायला लावले, हे अर्जातील म्हणणे चुकीचे आहे. तिला शिकवणारा माणूस पूर्णा गावात नाही.

त्यानंतर काकांनी भाविक यांच्या डोक्यावरच्या मुंडावळ्या सोडल्या, त्यांचा दंड धरला आणि त्यांना पांढऱ्या गाडीत पुढे ड्रायव्हरशेजारी बसवले. काका व सीताबाई मागे बसले. भाविक यांनी विरोध केला नाही. ते स्वतःच्या पायाने गेले. हे मी पाहिले आहे आणि लपवत नाही.

गाडी अडवल्याबाबत विचारल्यावरून सांगते की, आमच्या घरापासून पुढच्या वळणावर गोदामाचे गेट आहे. तिथे एक कंटेनर उलटा आत घेत होते. रस्ता अरुंद असल्याने दोन्ही बाजूंची वाहने थांबली होती. काकांची गाडी त्यातच थांबली. गाडी आमच्या लोकांनी अडवलेली नाही. गेटवर कॅमेरा आहे, तो बघावा.

मी मांडवातून निघाले व चालत गाडीपर्यंत गेले. माझ्यासोबत कोणी नव्हते. वडील निघाले होते, मी त्यांना थांबवले. अंगावर लग्नाची साडी होती, पायात काही नव्हते. रस्त्यावरचे ड्रायव्हर बघत होते. एक जण बाजूला होत म्हणाला, "भाभी, संभलके, काँच है." मी त्याचे आभार मानले.

भाविक पुढच्या सीटवर होते. काच खाली होती. मी म्हणाले, "भाविक, खाली उतर."

काका मागून म्हणाले, "पोरी, घरात जा. आमी लगीन मोडत न्हाय. चार दिस थांबू म्हनतो."

भाविक माझ्याकडे न बघता म्हणाले, "चार दिवसांनी काय बिघडतंय, मृणाली? काकांचं मन राहील."

मी म्हणाले, "चार दिवसांनी लग्न लागेल, ते मलाही माहीत आहे. पण आज तू चार दिवसांसाठी गाडीत बसलास, तर दर महिन्याला बसशील."

 मी दाराला हात घातला व दार थोडे उघडले. काकांनी मागून हात लांबवून ते आत ओढले. माझी उजव्या हाताची दोन बोटे त्यात सापडली. त्याचा दवाखान्याचा कागद मॅडमनी पाहिला आहे. काकांनी मुद्दाम लावले असे मी म्हणणार नाही. मी हात काढला नाही, एवढे खरे. या दुखापतीबाबत माझी तक्रार नाही. तसे स्पष्ट लिहावे.

दार पुन्हा उघडले तेव्हा काका गाडीतून उतरून माझ्यासमोर आले. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिले. मग म्हणाले, "याच्या आयशीनं लपवला. हा दोन वर्षांचा व्हता, तवा ती गेली. याला मी खांद्यावर वाढवलाय, पोरी. तुला काय कलनार?"  ते खोटे बोलत होते असे माझे म्हणणे नाही. त्यांना तसेच वाटते, आणि त्यांनी भाविकला खांद्यावर वाढवले हेही खरे आहे.

मी म्हणाले, "काका, त्यांनी लपवलं का नाही, ते सांगायला त्या नाहीत. मी सांगितलंय. लपवलं असतं तर आत्ता तुम्ही जेवायला बसला असता. मी सांगितलं म्हणून तुम्ही गाडीत बसलात. मग पुढच्या पोरीनं काय करायचं? खोटंच बोलायचं ना?"

 तेव्हा भाविक पहिल्यांदा आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "काका, आईला आजार काय झाला होता?"

काका म्हणाले, "सांगतो ना कवापासून."

"कोप सांगता. आजार काय होता?"

 कंटेनर तोपर्यंत आत गेला होता आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. उत्तर मागच्या सीटवरून आले. सीताबाई म्हणाल्या, "कावील झाली व्हती. दवाखान्यात नेली न्हाय. भगताकडं नेली."

 यानंतर भाविक उतरेपर्यंत किती वेळ गेला असे मॅडमनी विचारले. मला सांगता येणार नाही, मी त्या वेळी वेळ बघत नव्हते. मी भाविकला पुन्हा उतर म्हणाले नाही. एकदा सांगून झाले होते.

भाविक स्वतः दार उघडून खाली उतरले. त्यांना कोणी हात लावलेला नाही. माझा हात त्यांनी धरला, मी त्यांचा नाही, कारण माझी बोटे दुखत होती. ते काकांना म्हणाले, "तुम्हीपण चला. तुमच्याशिवाय मला कोण आहे मांडवात?" काका गाडीत जाऊन बसले. गाडी निघण्याआधी सीताबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून मुंडावळ्या भाविकच्या हातात दिल्या.  मग गाडी गेली. भाविक गाडी वळेपर्यंत तिथेच उभे होते. मीही उभी राहिले.

आम्ही दोघे चालत मांडवात आलो. ठमाबाई गातच होती. आम्हाला पाहून तिने फक्त हाताने पाटाकडे खूण केली. वऱ्हाडातले निम्मे लोक गेले होते, निम्मे थांबले होते. भाविकच्या बाजूने काकांच्या जागी कोणी उभे राहायला तयार होईना, तेव्हा माझी आई पुढे आली. तिनेच माझी आणि भाविकची गाठ बांधली. सकाळपासून तिने मला हात लावलेला नव्हता. लग्न सूर्य मावळायच्या आत लागले. अक्षता सर्वांनी टाकल्या. गावदेवीला आम्ही दोघांनी रस्त्यावरून हात जोडले. पायरी चढलो नाही. तो माझा निर्णय होता. पुढे काय करायचे तेही मी ठरवीन.

भाविक यांनी वेगळा जबाब दिला आहे. त्यात काय लिहिले ते मी विचारलेले नाही.

रविवारपासून आम्ही पूर्णा येथे आहोत. केसरीनाथ काकांवर कारवाई व्हावी अशी माझी इच्छा नाही. त्यांनी अर्ज मागे घ्यावा असेही मी म्हणत नाही, तो त्यांचा प्रश्न आहे. मला फक्त एवढेच नोंदवायचे आहे की, मी कोणाला फसवले नाही, भाविकला कोणी पळवले नाही, आणि लग्न लागलेले आहे.

तुम्हाला काल्हेरच्या घरी जाण्यास भीती वाटते का, सोबत पोलीस हवेत का, असे विचारल्यावरून सांगते की, पोलीस नकोत. आज सकाळी सीताबाईंचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, "उंबऱ्यावर माप भरून ठेवलाय. कवा येतेस?" मी म्हणाले, "काकी, अजून चार दिवस झाले नाहीत." त्या म्हणाल्या, "मना मोजता येतात. तांदूल उघडे हायत, चिमन्या खातान. लवकर ये." मी काकांबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, "ते घरातच हायत. जेवले न्हाईत. तू आल्यावर वाढीन."

येथून आम्ही दोघे थेट काल्हेरला जाणार आहोत.

हा जबाब मॅडमनी मला वाचून दाखवला, मीही एकदा वाचला. मी जे आणि जसे सांगितले तसेच लिहिले आहे. त्यात वाढवलेले किंवा गाळलेले काही नाही.

समक्ष सही :
मृणाली भाविक मढवी