गणपतीतली गोळी

कालिंदी : नर्स लिटरभर पाणी प्या म्हणाली, प्यायले. आता म्हणते धरून बसा. ह्या वयात धरून बसा म्हणजे काय चेष्टा आहे? शिंक आली तर मी काय करू, वैशू?

वैशाली : शिंकू नकोस.

कालिंदी : शाळेतून रिटायर झालीस तरी बाईपण जात नाही तुझं. शिंकू नका, हसू नका, रांग मोडू नका.

वैशाली : आणि पोरं ऐकायची. सोनोग्राफीला तुझ्यापुढे अजून दोघी आहेत. गप्प बस जरा.

कालिंदी : गप्प बसले की जास्त लागते गो. बोलत राहू दे मला.

वैशाली : मग कामाचं बोल. ते हॉर्मोनचं जेल किती लावतेस?

कालिंदी : डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय तेवढंच.

वैशाली : त्यांनी दोनदा दाबायला सांगितलंय. मी बाजूच्याच खुर्चीत होते.

कालिंदी : मग दोनदाच. कधी तीनदा. गणपतीत घरात ही माणसं, गॅसपुढे उभी राहिले की कानामागून वाफा. मोदक कुकरात की मी कुकरात, कळत नव्हतं. एखाद दिवशी चारदा दाबलं असेल.

वैशाली : आणि रात्रीची गोळी?

कालिंदी : घेते की.

वैशाली : रोज?

कालिंदी : रोज घेतली की सकाळी डोकं भोपळ्यासारखं. ऑफिसात समोरचा काय बोलतोय ते कळत नाही. लागेल तेव्हा घेते.

वैशाली : लागेल तेव्हा म्हणजे कधी?

कालिंदी : म्हणजे डाग दिसला आणि घरात काही असलं की. गणपतीत घेतली, नवरात्रात घेतली. थांबतं त्याने. विसर्जन झालं की गोळी बंद. आई द्यायची तश्शीच.

वैशाली : तुझी आई द्यायची ती पाळी पुढे ढकलायची गोळी होती, कालू.

कालिंदी : केमिस्टला विचारलं मी. म्हणाला, त्यातलीच.

वैशाली : असेल त्यातली. पण तुझी पाळी जाऊन सहा वर्षं झाली. तू काय पुढे ढकलतेयस? जेलने पिशवीचं आतलं अस्तर वाढतं, ते आवरायला गोळी. म्हणून ती रोज. जड वाटतं तर तसं त्यांना सांगायचं, त्या बदलतील. दोनदा समजावलं त्यांनी, तू मान डोलावलीस.

कालिंदी : आख्खी नोकरी विम्याच्या ऑफिसात गेली माझी. मान आपोआप डोलते.

वैशाली : हसू नकोस. पाणी प्यायलीयस.

कालिंदी : तुला आठवतं, आई त्या गोळ्या कुठे ठेवायची?

वैशाली : देव्हाऱ्याच्या मागे. तांब्याच्या डबीत.

कालिंदी : श्रावण सरत आला की काकूला, ताईला बोलवायची. आधी कुंकू, मग तळहातावर गोळी. प्रसाद दिल्यासारखी. मला पहिल्यांदा दिली ना, काय वाटलं होतं सांगू? आता मी मोठी झाले. चाळीच्या गॅलरीतून उगाच दोन फेऱ्या मारल्या.

वैशाली : आणि मी आमच्या आईपाशी रडत गेले, मला पण पाहिजे म्हणून. ती भाकरी थापत होती. म्हणाली, दीक्षा घेतली तेव्हा विटाळ तिकडेच टाकून आलो आपण. गोळी कशाला खातेस, भाकरी खा.

कालिंदी : शेवंतीमावशी गो. ज्या वर्षी गोळी हुकायची त्या वर्षी मी तुमच्याच खोलीत. तळमजला, नळाच्या बाजूला. वर अळूची भाजी चाललीय, आरत्या चालल्यात, आणि मी खाली बसून बोंबलाचा रस्सा ओरपतेय.

वैशाली : तुझी काकू एरवी वर्षभर आमच्या घरचं पाणी घ्यायची नाही. त्या चार दिवसांत मात्र पोरगी आमच्या ताटात जेवली, आमच्या गोधडीत झोपली तरी चालायचं.

कालिंदी : खरं आहे. बोल. तुझा हक्क आहे.

वैशाली : बोलत नाहीये. आठवलं.

कालिंदी : पण सुख होतं, वैशू. कोणी कामाला लावायचं नाही. कॅरम. मावशी डोक्याला तेल लावायची, तिच्या मांडीवरच डोळा लागायचा. तशी झोप मला लग्नानंतर कधी लागली नाही. एकदम ह्या जेलनेच लागली.

वैशाली : एका वर्षी तुझी आईसुद्धा येऊन बसली होती.

कालिंदी : तो पंखा बघ, किती वेळ नुसता कुरकुरतोय.

वैशाली : साठीला आली होती. पाळी कधीच गेलेली. ऐन गौरीजेवणाच्या सकाळी जिना उतरून आली. आमच्या आईला म्हणाली, शेवंते, मला जागा दे. कावळा शिवला.

कालिंदी : सगळी चाळ हसली. कमलाबाई परत तरुण झाल्या म्हणून. बाबा दिवसभर नाक्यावरून घरी आले नाहीत, लाजेने. आई पण हसत होती ना? मला ती हसतानाच आठवते. त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा गौरीच्या सणाला तिला आयतं ताट मिळालं.

वैशाली : दोनदा वाढून घेतलं तिने. आणि रात्री डबीतल्या उरलेल्या गोळ्या मागवून घेतल्या.

कालिंदी : थांबलं होतं त्याने.

वैशाली : किती दिवस?

कालिंदी : दिवाळीचा फराळ तिनेच केला.

वैशाली : मग?

कालिंदी : मग अशक्तपणा आला.

वैशाली : कालू.

कालिंदी : बाबा तसंच सांगायचे. अशक्तपणा आहे. कोणी खोदून विचारलं तर, परळला नेलंय.

वैशाली : परळला. आपली चाळ कुठे होती?

कालिंदी : परळलाच.

वैशाली : गॅलरीतून दिसायचं ते हॉस्पिटल. गावाहून आलेली माणसं पत्ता विचारायची, तर तूच नाक्यापर्यंत सोडायला जायचीस.

कालिंदी : आई गेल्यावर नाही गेले.

वैशाली : डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घरात कोणाला काही होतं का. तू म्हणालीस, कोणाला काही नाही. मी पण गप्प राहिले. तुझ्या घरचं, तू सांगशील म्हणून.

कालिंदी : सांगितलं असतं तर जेल दिलं असतं त्यांनी? दोन वर्षं मी रात्रीच्या तीन-तीन चादरी बदलत होते. आरोहीवर वसवस करायचे, पोरगी माझ्या खोलीत यायची बंद झाली होती. जेल लावलं आणि माणसात आले. आता काढून घेतील.

वैशाली : घेतीलही. नाहीतर कमी करतील, दुसरं काही देतील. मला नाही माहीत. पण तू अर्धं सांगितलंस तर डोस कशाच्या भरवशावर ठरवायचा त्यांनी?

कालिंदी : मला भीती वाटते गो.

वैशाली : मला पण. आज आरोहीला काय सांगून निघालीस?

कालिंदी : अ‍ॅसिडिटी.

वैशाली : आणि आजी कशाने गेली, हे काय सांगितलंयस?

कालिंदी : तेच. अशक्तपणाने.

वैशाली : म्हणजे उद्या तिला कोणी विचारलं तर तीही तेच सांगणार. आजीकडून तिच्याकडे काय आलं असेल ते तिलाच माहीत नसणार.

कालिंदी : माझं नाव घेतायत.

वैशाली : मग ऊठ. सावकाश.

कालिंदी : तू आत येशील?

वैशाली : ये म्हणालीस तर येते.

कालिंदी : ये.

(आतली खोली. पडदा ओढलेला. मशीनची बारीक घरघर.)

डॉक्टर : झोपा, काकू. पोटावर जेल लावतेय, गार लागेल.

कालिंदी : लावा. जेलची मला सवय आहे.

डॉक्टर : हॉर्मोन चालू आहेत ना? किती दिवस झाले?

कालिंदी : दीड वर्ष. आधी काही नव्हतं. आता पावसाळ्यापासून मधूनमधून डाग.

डॉक्टर : जेल आणि गोळी दोन्ही नियमित?

कालिंदी : नाही.

डॉक्टर : म्हणजे?

कालिंदी : जेल जास्त लावलं. गोळी सणासुदीला घेतली.

डॉक्टर : सणासुदीला?

वैशाली : मी नंतर समजावते, डॉक्टर. मोठी गोष्ट आहे.

डॉक्टर : बरं झालं सांगितलंत. अस्तर थोडं जाड दिसतंय. गोळी चुकली तरी असं होतं, पण तेवढंच आहे असं मी इथून म्हणू शकत नाही. तुमच्या डॉक्टर आतला नमुना काढून तपासायला पाठवतील. तोपर्यंत मनाने काही वाढवू नका, थांबवूही नका. त्यांनाच फोन करून विचारा. अजून एक. घरात कोणाला असं काही? आई, बहीण, मावशी?

कालिंदी : वैशू.

वैशाली : इथेच आहे मी.

कालिंदी : माझ्या आईला गर्भाशयाचा कॅन्सर होता, डॉक्टर. त्यातच गेली ती.