शाफ्टवरचं कव्हर

मंडळी, सांगा बरं — जी वस्तू ओढत नाही, नांगरत नाही, वाजत नाही, ती बिनकामाची म्हणायची का? नुसत्या माना हलवू नका! ऐका, मग बोला.

हे आपले गहिनीनाथ अण्णा, पहिल्या रांगेत बसलेत. पंचवीस वर्षं माझ्या कीर्तनात पखवाजाला उभे! त्यांनी ट्रॅक्टर घेतला, पूजेला मी होतो. अण्णा एकेक गंमत दाखवायला लागले. स्टेअरिंग एका बोटानं फिरतंय! लिव्हर ओढली की नांगर वर! डोक्यावर छत, मोबाईल चार्ज करायची सोय — आणि टेप! अहो, पेरणी एका शिवारात, गवळण तीन शिवारांत! सगळं कामाचंच हो. त्या गादीच्या सीटनं अण्णांची कंबर वाचली.

मागं मात्र मळणी यंत्र फिरवणारा दांडा — शाफ्ट — आणि त्याच्यावर पिवळं प्लॅस्टिकचं कव्हर. अण्णा म्हणाले, "महाराज, ह्याचा काय उपयोग? ग्रीस भरायला नुसती अडचण!"

अण्णांच्या मंडळी, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, "असू द्या की! कंपनीनं उगंच दिलं असंल का?"

आणि मी? मी शहाणा! हसून म्हणालो — "वहिनी, पांडुरंग आहे ना राखायला!" सगळे हसले. कव्हर गोठ्याच्या आढ्यावर गेलं.

पुढं सप्ताह झाला. काल्याच्या कीर्तनात मी अण्णांच्या गळ्यात रेशीमकाठी उपरणं घातलं. मान हो! अण्णा ते काढेचनात. "महाराजांनी घातलंय, आजच्या दिवस राहू दे" — म्हणत तसेच बाजरीच्या मळणीला गेले. कणसं उचलायला वाकले, उपरण्याचं टोक फिरत्या दांड्यात गेलं! गळा आवळायला लागला, तो सोडवायला अण्णांनी उजवा हात घातला... वहिनींनी धावत जाऊन इंजिन बंद केलं. अण्णा वाचले. हात कोपरापासून गेला.

दवाखान्यात अण्णा मला म्हणाले, "महाराज, आता ठेका कोण धरणार?" वहिनींनी माझ्यापुढं चहाचा कप ठेवला. त्यांनी मला बोल लावला असता, तर बरं झालं असतं हो! देवानं राखण धाडली होती. अण्णांनी आणि मी ती आढ्यावर टाकली. चुकलो मी! ह्या नारदाच्या गादीवर उभा राहून सांगतो — चुकलो.

आता तुम्ही! येताना तुमच्या गावची खळी बघत आलो. अकरा ट्रॅक्टर मळणीला लागलेले. गोंडे आहेत, आरसे आहेत, टेप तर आहेतच! कव्हर किती जणांच्या शाफ्टवर? दोघांच्या! बाकीची कुठं? खाली काय बघता?

आजची आरती मी थांबवतो. उठा, घरी जा, कव्हरं बसवून या. तोवर अण्णा पखवाज गळ्यात अडकवतील. एकच बाजू वाजेल, डावी. तेवढी ऐकत मी इथं उभा राहतो.